ओहोटीची ड्युटी

बिल्किसने बोयीचा कल्ला बोटाने उघडून पाहिला. आत लालभडक होतं. डोळाही स्वच्छ होता. मग तिने मासळी नाकापर्यंत नेली, क्षणभर थांबली आणि परत पाटीत ठेवली.

“गुणा, हिला घासलेटचा वास मारतो.”

“घासलेटचा?” गुणाबाई हसली. “भाभी, आज पहाटं पागात गावलीय ती. अजून अंगावरचा पानी सुकला न्हाय.”

“ताजी आहे गो, मी कुठे शिळी म्हणते? पण वास येतो. तूच बघ ना.”

गुणाबाईने बोय उचलून हुंगली. वास होता. गेले काही दिवस तो तिलाही येत होता, पण घरी चुलीपाशी घासलेटचा डबा असतो, त्याचे शिंतोडे पाटीला लागत असतील, असं तिने स्वतःला समजावलं होतं. तेच तिने आता बिल्किसला सांगितलं.

“असेल,” बिल्किस म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चहा आला, बशीत नानकटाई आली. मासळी मात्र तिने घेतली नाही.

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. भिवंडीच्या सौदागर मोहल्ल्यातल्या या दाराशी गुणाबाई लग्न होऊन राहनाळला आली तेव्हापासून येत होती. आधी सासूच्या मागे मागे, मग सासूची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन. बिल्किसही तेव्हा नवी सून होती. दोघींची बाळंतपणं मागेपुढे झाली. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर शहरात पाऊल टाकायची गुणाबाईची छाती होत नव्हती, तेव्हा बिल्किसने घरच्या लूमवरच्या कासम मुकादमाला सायकलवरून राहनाळच्या वेशीपर्यंत पाठवलं होतं. “म्हावरेवालीला सांग, भाभी विचारतेय, चिंबोऱ्या कधी आणणार?” एवढाच निरोप. दुसऱ्या दिवशी गुणाबाई पाटी घेऊन आली आणि मोहल्ल्यातल्या बायकांनी दारं उघडून ती बघता बघता रिकामी केली.

आज ती भरली पाटी घेऊन पुढे निघाली. पुढच्या दोन घरांत मासळी खपली. तिसऱ्या घरातल्या बाईनेही नाक मुरडलं.

गुणाबाईचा नवरा सावळाराम बोलण्याला कंजूष माणूस. राहनाळच्या खालच्या अंगाला खाडीचा फाटा येतो, तिथे तो पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा. भरती चढताना बोय, चिवण्या, कधीमधी एखादा जिताडा. पाणी उतरलं की चिखलात निवटे आणि तिवरांच्या मुळाशी चिंबोऱ्या. थोडी भातशेती होती, ती वर्षाचा तांदूळ द्यायची. बाकी सगळं खाडी द्यायची. कधी किती देईल ते तिच्या मनावर, पण कधी देईल ते ठरलेलं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाचं मंद पाणी. बोटांच्या पेरांवर तिथी मोजली की भरती केव्हा आणि ओहोटी केव्हा ते कळतं. गुणाबाईला हे तिच्या आईने शिकवलं होतं, आणि तिने आपल्या मुलाला, हरीला. हरी लहानपणी शाळेच्या वाटेवर पेरं मोजत जायचा आणि मास्तरांना सांगायचा, “गुरुजी, आज दुपारी पानी भरनार, लवकर सोडा.”

हाच हरी दहावी पास होऊन दोन वर्षं घरी बसला. भिवंडीत लूम हजारोंनी होते, पण त्यांवर उभं राहायला आझमगढहून, तेलंगणातून माणसं आलेली. ती बारा-बारा तासांची शिफ्ट करत, लूमशेजारीच झोपत. गावच्या पोरांना कुणी बोलावत नसे आणि पोरंही जात नसत. मग ब्याण्णव साली नाल्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना उभा राहिला. तिथलं ऑफिस सांभाळायला श्रीनाथ नावाचा गृहस्थ होता, भिवंडीतल्याच जुन्या घरातला, मऊ बोलणारा. त्याने हरीला हेल्पर म्हणून घेतलं.

आपल्या घरात नोकरी आली याचं गुणाबाईला कौतुक वाटलं. सहा महिन्यांत हरी कायम झाला तेव्हा तिने गावदेवीला नारळ फोडला. बरोबरच्या पोरांना सोडून यालाच एवढ्या लवकर कायम का केलं, हे तिने विचारलं नाही. पोरगा हुशार आहे, असं ती धरून चालली. एक दिवस त्याने नापास झालेल्या कापडाचा तुकडा आणला. मोठमोठी जांभळी फुलं होती त्यावर आणि काठाला इंग्रजी अक्षरं.

“ह्यो एक्स्पोर्टचा माल हाय, आये. जर्मनीला जातंय.”

“चांगला तर दिसतंय. मग नापास का केला?”

“रंग जरा उतरलाय. तिकडच्या लोकांना चालत न्हाय.”

गुणाबाईने त्याचा दाराला पडदा केला. येणारी-जाणारी बाई हात लावून बघायची.

वास कशाचा ते हळूहळू सगळ्यांनाच कळलं. नाल्यातून खाडीत उतरणारं पाणी कधी निळं असायचं, कधी रक्तासारखं लाल. पोरांना त्याची गंमत वाटायची. उद्या कुठला रंग येणार यावर ती पैज लावायची. आधी निवटे दिसेनासे झाले. चिंबोऱ्या होत्या, पण आत मांस नसायचं, नुसतं पाणी. सावळारामच्या पायांना बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या, मग तळव्यांना. तो हळद-तेल लावून पाण्यात उतरायचा. रात्री पाय उशीवर ठेवून पडायचा आणि म्हणायचा, “चावतंय.” कोण चावतंय, असं कुणी विचारलं नाही. पाणी चावतंय हे घरात सगळ्यांना समजत होतं.

मोहल्ल्यात पाटी पूर्वीसारखी खपत नव्हती. एकदा बिल्किसच्या ओट्यावर ती टेकली असताना फखरुद्दीनशेठ जेवायला घरी आले. बिल्किसचा हा नवरा. त्यांचे बारा लूम होते.

“अहो,” बिल्किस त्यांना म्हणाली, “गुणाच्या खाडीत रंग सोडतात. तुमचा कपडा तिथेच जातो ना? बोला ना त्यांना काही.”

फखरुद्दीन पायरीवर चपला काढत थांबले. माणूस भला होता. त्यांनी खरोखर विचार केला.

“बोलून काय होणार? मी कोरा कपडा देतो. व्यापारी तो रंगवून बाहेर पाठवतो. तिकडचा बायर येतो, कपडा घासून बघतो, धुऊन बघतो. रंग पक्का पाहिजे त्याला. धुतलेलं पाणी कुठे गेलं, ते तो विचारत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “मी बोललो तर ते दुसऱ्याचा कपडा घेतील. लूम बंद ठेवू का?”

गुणाबाई घाईघाईने म्हणाली, “न्हाय न्हाय शेट, तुमी कशाला?” आपल्यामुळे त्या घरात बोलाचाली नको, असं तिला झालं. फखरुद्दीन आत गेले. बिल्किसने त्या दिवशी मुद्दाम एक वाटा मासळी घेतली. ती त्यांनी खाल्ली नसणार, हे गुणाबाईला कळलं. तिला ते घासलेटच्या वासापेक्षा जास्त लागलं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी खाडी मेली. म्हणजे तसं अनसूया म्हणाली. अनसूया शेजारची, तोंडाने फटकळ, तीही मासळी विकायची. दोघी काठावर गेल्या तेव्हा तिवरांपासून पलीकडच्या बांधापर्यंत मासे पोटं वर करून तरंगत होते. बोटाएवढी पिल्लं होती, हातभर लांबीचे होते. कावळेसुद्धा जवळ येत नव्हते.

“उद्या गेटवर जायाचा,” अनसूया म्हणाली. “सगल्यांनी पाट्या घ्यायच्या. ह्योच म्हावरं भरून न्यायचा आन त्यांच्या दारात वतायचा. गुणे, तू म्होरं ऱ्हायचा. तुजी पाटी सगल्यांत जुनी.”

“ऱ्हाते,” गुणाबाई म्हणाली.

दुपारी हरी कामावर निघायच्या आधी जेवायला बसला. त्याच्या नखांत निळा रंग कायमचा बसला होता. त्याने दोन घास घेतले आणि तो म्हणाला, “आये, उद्या तू नको जाऊस.”

“का?”

“बाकीच्या जातात, जाऊ दे. तू नको.”

“तुजी नोकरी जाईल म्हणून?”

“तसं न्हाय.” तो भातात बोटं फिरवत राहिला. “पानी मी सोडतू.”

गुणाबाईला आधी कळलंच नाही. “कनचा पानी?”

“टाकीतला. रंगाचा. टाकीचा वॉल उघडायचा काम माजा हाय.” आता बोलायला सुरुवात केली म्हटल्यावर तो भराभर बोलायला लागला. “ऐक आये. पयले ते कवाबी सोडायचे. भरती चढताना सोडला की सगला रंग गावासमोर तुंबायचा. भांगाच्या दिवसांत तर जागेवर कुजायचा. मीच सायबांना बोललू, पानी भरून उतराला लागला की सोडा, सगला खाली वाहून जाईल. तवापासून गावासमोर रंग थांबत न्हाय. तूच बोलली व्हतीस ना मागं, पानी जरा बरा दिसतंय?”

बोलली होती खरी.

“म्हणून तुला कायम केला?”

“हां. त्यांना तिथीवरून भरती काढता येत न्हाय. शिफ्टच्या फळ्यावर माज्या नावापुढं तासच लिवत न्हाय. नुस्ता लिवलंय, ओहोटी. सगली पोरं चिडवतात मना. हऱ्याची ओहोटीची ड्युटी.” तो किंचित हसला. त्या हसण्यात थोडा अभिमान होता, आणि तो तिला दिसला.

“पेरांवर मोजतोस?”

“तू शिकवलंस तसाच.”

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. गुणाबाईने आमटीची वाटी त्याच्याकडे सरकवली.

“ओहोटीला खाली गेला,” ती म्हणाली, “आन भरतीला परत वर येतंय, त्याचा काय?”

“सगला न्हाय येत.”

“आन खाली म्हावरं ऱ्हात न्हाय?”

हरीने ताटात बघितलं. “मी न्हाय सोडला तर दुसरा कोन सोडंल आये. आन तो कवाबी सोडंल.”

ते खरं होतं. हरीने हात धुतला, सायकल काढली आणि तो गेला. तिने ताट उचलून घासलं. मग तिने सावळारामला सांगितलं. तो ओटीवर पाग विणत होता. सुई थांबली, पुन्हा चालू झाली. “पोरगा खोटं न्हाय बोलला,” एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. न जाण्याचं काही कारण गावात सांगता आलं नसतं. शिवाय ते मासे तिने स्वतःच्या हातांनी पाटीत भरले होते. वीस-पंचवीस बायका होत्या. ऊन तापायच्या आत गेटवर पोचल्या तरी वास सुटला होता. गुरख्याने नाकाला रुमाल लावून गेट बंद केलं. आत कुठेतरी बॉयलर घरघरत होता.

श्रीनाथ बाहेर आला. त्याने नाकाला रुमाल लावला नाही. बायकांना ते बरं वाटलं. हात जोडून तो म्हणाला, “मावशी, तुमचं नुकसान झालंय हे मला दिसतंय. मालक बाहेरगावी आहेत. पाणी शुद्ध करायच्या मशीनचं बोलणं चालू आहे. एक मोठी ऑर्डर तेवढी हातावेगळी होऊ द्या.”

“ऑर्डर व्हईपर्यंत आमी काय खाऊ?” अनसूया म्हणाली. “तुमचा कापड?”

बायका हसल्या. हसण्याने त्यांना जोर आला. मागून कुणीतरी ओरडलं, “पानी सोडतो कोन, त्याला भायेर काढा!” मग सगळ्याच ओरडायला लागल्या, “भायेर काढा! भायेर काढा!”

श्रीनाथने हात वर केला, पण कुणी ऐकेना. तो वाईट माणूस नव्हता. पण गर्दीसमोर उभं राहण्याची त्याला सवय नव्हती, आणि सुटायला एकच वाट दिसत होती. तो मागे वळून म्हणाला, “हरी, जरा इकडे ये.”

हरी गेटच्या आत येऊन उभा राहिला. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट.

“तुमच्याच गावचा मुलगा आहे,” श्रीनाथ म्हणाला. “गावाला त्रास होऊ नये म्हणूनच हे काम त्याच्याकडे दिलंय. त्यालाच विचारा.”

ओरडा एकदम थांबला. बायकांनी हरीकडे पाहिलं आणि मग एकेक करून त्या गुणाबाईकडे वळल्या. डोक्यावरच्या पाटीतून पाणी गळून तिच्या खांद्यावर येत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“गुणे,” अनसूया हळूच म्हणाली, “तुला ठावं व्हता?”

“काल कलला.”

“आन तरीबी आलीस?”

“आले.”

तिने पाटी खाली उतरवली. कुणी मदतीला पुढे झालं नाही, तिची तिनेच उतरवली. मग ती गेटच्या गजांपाशी गेली. हरी तिच्याकडे बघत नव्हता.

“सायेब,” ती श्रीनाथला म्हणाली, “पोरगा माजा हाय. पानी कवा सोडायचा ते त्याला ठावं हाय, कारन मी त्याला शिकवला. पन पानी त्याचा न्हाय. तुमच्या टाकीतला हाय. त्याला कशाला म्होरं करता?”

श्रीनाथ गोरामोरा झाला. “तसं नाही मावशी,” तो म्हणाला.

मग जे व्हायचं ते झालं. अनसूयाने पाटी ओतली, बाकीच्यांनीही ओतल्या. गेटसमोर माशांचा ढीग झाला. थोडा वेळ घोषणा झाल्या. श्रीनाथने आत जाऊन फोन केला आणि परत येऊन सांगितलं की मशीन येणारच आहे, आणि गावातल्या आणखी पाच मुलांना मालक कामावर घ्यायला तयार आहेत. हे ऐकल्यावर मागच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणाचा दीर रिकामा होता, कुणाचा मुलगा. अनसूयाचा जावईसुद्धा. ऊन चढलं तशा एकेक करत त्या परतल्या. गुरख्याने पाइप लावून गेटसमोरची जागा धुतली. धुतलेलं पाणी नाल्यात गेलं.

हरीची नोकरी गेली नाही. ड्युटीही तीच राहिली. काही दिवस तो घरात मान खाली घालून जेवायचा. मग एकदा तिनेच विचारलं, “आज कवा हाय?” तो म्हणाला, “चारच्या सुमाराला.” ती म्हणाली, “मग आत्ता पोटभर जेव.” त्याच्याच पगारावर घरातली चूल पेटत होती, रागावून ती कुणी विझवू शकत नव्हतं. मशीन आलं, पण ते चालवायला वीज फार लागते म्हणून बहुतेक वेळ बंद असायचं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत सावळारामने पाग टाकणं सोडलं. कुणी सोड म्हणालं नाही. एक दिवस तो काठावर गेला, बसला आणि तसाच परत आला. अनसूयाने धंदा सोडला. गुणाबाईने सोडला नाही. पहाटे कशेळीच्या नाक्यावर बर्फाच्या मासळीचा टेम्पो यायचा, त्यातून ती बांगडे, मांदेली, सुरमईचे तुकडे घ्यायची आणि भिवंडीला जायची. पहिल्या दिवशी सौदागर मोहल्ल्यात बिल्किसने विचारलं, “कुठली आहे गो?”

“टेम्पोतली, भाभी. बर्फातली. आमची न्हाय.”

“दे दोन वाटे,” बिल्किस म्हणाली.

बाकीच्या काही जणी म्हणायच्या, खाडीची म्हणून सांगितलंस तरी आम्हांला थोडंच कळणार होतं. गुणाबाई हसून सोडून द्यायची. तिला ते जमलं नसतं; म्हणजे तोंडातून आलंच नसतं.

सत्त्याण्णव साली कारखाना बंद पडला. काम चीनला गेलं म्हणून कुणी सांगितलं, कुणी म्हणालं इंडोनेशियाला. तिथे याहून स्वस्तात होतं म्हणे. गेटवरच्या गुरख्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. एका सोमवारी पोरं गेली तर कुलूप होतं. मशिनं रात्रीत निघून गेली होती. श्रीनाथ एकदा एस.टी. स्टँडवर गुणाबाईला दिसला. त्याने ओळखलं, नमस्कार केला, “हरी काय करतो?” असं विचारलं. तोही काम शोधत होता.

नाला स्वच्छ झाला. निदान दिसायला तरी झाला. लोक म्हणाले, दोन वर्षांत मासळी परत येईल. पण तेवढा वेळ कुणाला नव्हता. राहनाळच्या शेतांत मातीचे डंपर यायला लागले होते. जकात वाचते म्हणून मुंबईचे व्यापारी इथे गोदामं बांधत होते. बंदरातून निघालेले खोके त्यांत येऊन पडायचे आणि पुढे देशभर जायचे. तिवरं तोडून वर भराव पडला. सावळारामनेही भाताचा तुकडा दिला. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी दिल्यावर मध्ये पाणी यायला वाट उरली नव्हती. हरी काही महिने गोदामात खोके उचलायला गेला. तिथे बिहारमधून आलेली पोरं याच्या निम्म्यात काम करायला तयार होती. आणि ती तशी का तयार होती, हे त्यांच्याशेजारी बसून डबा खाल्ल्यावर हरीला कळलं. त्याने त्यांच्याशी भांडण केलं नाही.

बिल्किसचा मोठा मुलगा हसन बहरीनला होता. फखरुद्दीनशेठनी लूम विकले तेव्हापासून घर त्याच्याच पैशांवर चालायचं. बिल्किसनेच त्याला फोन करून हरीसाठी शब्द टाकला. एका हॉटेलच्या लाँड्रीत जागा होती.

“काय काम?” गुणाबाईने विचारलं.

“चादरी धुवायच्या,” हरी म्हणाला. “पान्याचाच काम हाय.”

दोघंही जरा हसली.

निघायच्या दिवशी खोका बांधायला दोरी पुरेना. सावळाराम उठला, आढ्याला टांगलेला पाग त्याने खाली काढला, कोयत्याने त्याची लांब दोरी सोडवली आणि खोक्याला दोन्ही बाजूंनी आवळून गाठ मारली. मासेमाराची गाठ होती, ओढली की आणखी घट्ट बसणारी. “ही सोडाची न्हाय, कापाची,” तो हरीला म्हणाला. हरी पाया पडला. वज्रेश्वरीचा अंगारा गुणाबाईने त्याच्या खिशात घातला. जीप गोदामांच्या रांगेतून वळून हायवेकडे गेली. मागून एक कंटेनर आला आणि वाट धुळीने भरली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो नेहमीच्या वेळेला आला, म्हणून गुणाबाईही गेली.

आता तिची जास्त मासळी पद्मानगरच्या बाजूच्या चाळींत खपायची. तिथे तेलंगणातले विणकर राहायचे. एका दाराशी चंद्रा नावाची तरुण बाई लूमसाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची. ती रोज मांदेली घ्यायची, मोडक्या हिंदीत बोलायची.

“कल नही आया, अम्मा?”

“लडका गया कल. बहरीन.”

“काम के लिये?”

“हां.”

“दूर है?”

गुणाबाईला ठाऊक नव्हतं. विमानात किती वेळ बसायचं ते हरीने सांगितलं होतं, पण दूर म्हणजे किती ते तिला त्यावरून समजलं नव्हतं. तिने उलट विचारलं, “तुमारा गांव कितना दूर?”

“दो रात,” चंद्रा म्हणाली. “पहले नदी में बुनकर का कपडा धोता था हमारा सास. अब उदर कुछ नही. सास अकेला है.” तिने कांडी बाजूला ठेवली. “फोन आता तो रोता नही. बोलता, खाना खाया क्या. बस, उतनाच.”

गुणाबाईने मांदेलीचा वाटा तिच्या ताटलीत ओतला. मग पाटीत हात घालून आणखी मूठभर घातली. चंद्रा आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली. गुणाबाईने ते वरून घटाघटा प्यायलं, उरलेल्या पाण्याने हात धुतले आणि चुंबळ डोक्यावर नीट बसवली.

भरली पाटी चढवायला दुसरा हात लागतो. चंद्राने पदर खोचला, एका बाजूने पाटी धरली आणि दोघींनी मिळून ती वर घेतली. बर्फाचं पाणी गुणाबाईच्या कानामागून मानेवर उतरलं.

“ठीक है?” चंद्राने विचारलं.

“ठीक है,” गुणाबाई म्हणाली, आणि पुढच्या दाराशी जाऊन तिने हाक दिली.